आधी पायऱ्या मोजा

वाटसोबत : प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

लोकल, बस, मेट्रोत येणाऱ्या अडचणी लिहून पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली, त्यातली काही इथे घेते आहे. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल दोन ओळी. मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा) आणि काखेत कुबडी घेऊन १९८८ ते २०१९ अशी ३१ वर्षं मी डोंबिवलीहून लोकलने नोकरीला गेले-आले. मी लागले तेव्हा सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, व्हीटी म्हणायचे. आता लांबच्या अंतराला व्हीलचेअर वापरते. इथे जे लिहिते ते या ३१ वर्षांच्या हिशोबातलं आहे.

नमस्कार ताई. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. मणक्याला मार लागल्यापासून दोन वर्षं व्हीलचेअरवर आहे. आता त्याला बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) नोकरी मिळाली आहे. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. रोजची टॅक्सी परवडणारी नाही. लोकलने नेता येईल का? घरातले म्हणतात, राहू दे ती नोकरी. — एक आई, डोंबिवली

आधी मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. आणि नोकरी राहू द्यायची नाही.

लोकल चाकाच्या खुर्चीसाठी बनलेली नाही, हे मात्र आधीच सांगते, म्हणजे पहिल्या दिवशी धक्का बसणार नाही. आपल्याकडे उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीचा बांधतात. डब्याची जमीन त्याच्याहून दीड वीत तरी वर असते. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला एका कॉलेजातल्या मुलीने डबा आणि प्लॅटफॉर्म यांच्यामधल्या फटीपायी दोन्ही हात गमावले. उच्च न्यायालयाने दखल घेतली आणि मग मुंबईत ठिकठिकाणी प्लॅटफॉर्म ९०० मिलिमीटरच्या आसपास उचलले गेले. तरी पायरी उरते आणि फटही उरते. कुबडी घेऊन मला ती सवयीने जमायची. चाकाला जमत नाही, माणसांनी खुर्ची उचलावी लागते.

म्हणून गाडी थांबून राहील अशा दोनच जागा धरा. मधल्या स्टेशनांवर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते, तेवढ्यात खुर्ची चढत नाही. पण डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल सुटण्याआधी प्लॅटफॉर्मला उभी असते, आणि सीएसएमटीला ती संपते. तेव्हा डोंबिवलीला चढायचं, सीएसएमटीला उतरायचं. उलटं वाटेल, कारण बीकेसी मागे राहतं. पण सीएसएमटीला गाडीच्या टोकाशी प्लॅटफॉर्म थेट कॉनकोर्सला मिळतो, ब्रिज चढावा लागत नाही. तिथून मेट्रो ३ धरायची. ही मेट्रो २०२४ च्या ऑक्टोबरात आरे ते बीकेसी सुरू झाली आणि २०२५ च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पोचली, त्यामुळे सीएसएमटीहून बीकेसी एकाच गाडीत होतं. मेट्रोत प्लॅटफॉर्म आणि डबा एका पातळीत असतात. मुलगा स्वतःच्या हाताने चाकं ढकलत आत जाईल, आणि त्या एका क्षणासाठी तरी एवढा वळसा घ्या असं मी म्हणेन. परतताना पुन्हा सीएसएमटीहून डोंबिवली लोकलच पकडायची, म्हणजे शेवटच्या स्टेशनात उतरायची घाई राहत नाही.

खुर्ची उचलण्याचं तंत्र मी एका फिजिओथेरपिस्टकडून शिकले, ते तुम्हीही शिकून घ्या. डब्यात चढवताना खुर्चीची पाठ डब्याकडे करायची, म्हणजे मोठी चाकं आधी वर जातात. एकाने डब्यात उभं राहून मागची दोन्ही हँडलं धरायची, दुसऱ्याने खाली राहून पुढची फ्रेम धरायची. मदतीला धावून येणारे लोक हमखास हात ठेवायच्या दांड्या किंवा पायाखालच्या पट्ट्या धरतात. त्या निघणाऱ्या असतात. माझी खुर्ची एकदा अशीच एका बाजूने निखळली आणि मी दारात आडवी झाले. तेव्हापासून कुणी हात लावण्याआधी मी मोठ्याने सांगते, “दादा, फ्रेमला धरा.” मुलालाही हे तीन शब्द न लाजता बोलायची सवय लावा. उतरवताना त्याचं तोंड प्लॅटफॉर्मकडे ठेवायचं आणि खुर्ची मागे कललेली.

अस्थिव्यंग असून सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्याला रेल्वेच्या पासात ५० टक्के सवलत आहे आणि सोबत्यालाही तेवढीच मिळते. त्यासाठीचा दाखला रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात सरकारी रुग्णालयातून घ्यायचा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, अजून काढलं नसेल तर आधी तेवढं करा.

ऑफिसकडे वेळ बदलून मागा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं २१ वं कलम सांगतं की प्रत्येक आस्थापनेने, खाजगी धरून, समान संधीचं धोरण जाहीर करायचं. मुलाने पहिल्याच आठवड्यात ते धोरण मागावं आणि अकरा ते सात अशी वेळ लेखी घ्यावी. साडेआठच्या गर्दीत दिव्यांगांच्या डब्याच्या दारातही श्वास घ्यायला जागा नसते.

आणि हजर व्हायच्या आधीच्या रविवारी मुलाला घरी ठेवून तुम्ही एकट्या हा सगळा रस्ता करून या. हातात वही ठेवा. सोसायटीच्या दारापासून त्याच्या टेबलापर्यंत जिथे जिथे पायरी आली, तिथे ती लिहायची. मेट्रोची लिफ्ट रस्त्याच्या कुठल्या बाजूला उघडते, तेही त्या दिवशी कळेल. ती वही मला पाठवा. मी वाट बघते आहे.

आमच्या स्टेशनला गेल्या वर्षी लिफ्ट झाली. पण लिफ्टमधून बाहेर आलं की रिक्षा स्टँडच्या आधी दोन पायऱ्या आहेत. आईला दोन्ही वेळा उचलून न्यावं लागतं. स्टेशनात विचारलं तर म्हणाले, ही जागा आमची नाही. पालिकेत गेलो तर तेही तेच म्हणाले. तक्रार करायची कुणाकडे? — ठाणे जिल्ह्यातून एक वाचक

तुमचं पत्र वाचताना मला माझ्याच दोन पायऱ्या आठवल्या. स्टेशनचं नाव देत नाही, तिथली माणसं आता मदत करतात.

लिफ्ट नवी कोरी होती. दार उघडलं की समोर सहा पावलं फरशी, मग दोन पायऱ्या, त्याखाली डांबर. फरशी एका कार्यालयाची, डांबर दुसऱ्याचं, आणि डांबरावर उभ्या रिक्षांची शिस्त तिसऱ्याकडे. पायऱ्या कुणाच्याच नव्हत्या. पाच महिने मी एकेका दारात गेले. प्रत्येकाने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शेजारचं दार दाखवलं.

शेवटी माझ्या भाचीला घेऊन गेले. तिने शिवणाची टेप आणली होती. पहिली पायरी १७ सेंटिमीटर, दुसरीही १७. टेप धरून तिने फोटो काढले, लिफ्टचं दार आणि रिक्षा एकाच चौकटीत येतील असे. मग आम्ही एकच पत्र लिहिलं आणि वर तिन्ही कार्यालयांची नावं एकाखाली एक घातली. प्रत्येकाच्या प्रतीवर बाकी दोघांच्या पोचेचा शिक्का दिसेल अशा क्रमाने ते दिलं. तोवर मी प्रत्येकाला वेगळं पत्र देत होते, म्हणून प्रत्येकजण वेगळं उत्तर देत होता. एका कागदावर तिघं आल्यावर सात आठवड्यांत तिघांची माणसं त्या दोन पायऱ्यांपाशी उभी राहिली. मीही होते.

त्यांनी रॅम्प बांधला, पण दीड मीटर लांबीचा. रॅम्पचं प्रमाण एकास बारा असतं, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. ३४ सेंटिमीटरला चार मीटरच्या थोडी वर लांबी लागते. त्या दीड मीटरच्या उतारावर एका शेजाऱ्याची खुर्ची मागे उलटली. डोकं आपटलं नाही कारण पाठीला दप्तर होतं. पुन्हा पत्र, पुन्हा टेप. दुसऱ्या खेपेला रॅम्प भिंतीला समांतर वळवून घेतला तेव्हा लांबी बसली. आज त्या रॅम्पवरून दुधाचे कॅन चढतात, शाळेच्या मुलांच्या चाकांच्या बॅगा चढतात.

तुम्हीही तसंच करा. आईला उचलतानाचे फोटो पाठवू नका. ते बघून लोक हळहळतात, काम करत नाहीत. पायरीचा फोटो पाठवा, टेपसकट. प्लॅटफॉर्मचा नंबर, स्टेशनचं कुठलं टोक, पूर्व की पश्चिम, किती पायऱ्या आणि प्रत्येकीची उंची, एवढं असलं की पत्र बाजूला टाकणं अवघड जातं. रेल्वेच्या हद्दीतल्या गोष्टीला १३९ वर किंवा रेलमदत ॲपवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक पत्रात घाला. दोन-तीन महिन्यांत काही हललं नाही तर पालिका, एसटी किंवा शहर बससाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. रेल्वे केंद्राची, त्यामुळे तिच्यासाठी दिल्लीचे मुख्य आयुक्त. दोघांनाही चौकशीत साक्षीदार आणि कागदपत्रं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि अर्ज साध्या कागदावर चालतो.

आपल्या भागात लोकल एकाची, मेट्रो निरनिराळ्या कंपन्यांच्या, बस मुंबईत बेस्टची, ठाण्यात, नवी मुंबईत, कल्याणला, वसईला त्या त्या पालिकांच्या. प्रत्येकजण आपल्या आवाराच्या आत काही ना काही करतो आहे, हे मी बघते आहे. आपला माणूस अडकतो तो एकाचं आवार संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथे. म्हणून मी सगळ्यांना तेच सांगते, आवारं मोजू नका, घरापासूनच्या पायऱ्या मोजा.

ताई, मी पूर्ण अंध आहे, एफवायला आहे, दादरला कॉलेज. लोकलचं जमतं. बसचं जमत नाही. बस येते, आवाज येतो, पण कुठल्या नंबरची ते कळेपर्यंत निघून जाते. स्टॉपवर विचारलं तर लोक सांगतात, पण मोबाइलमध्ये असले की त्यांचंही लक्ष नसतं. — एक विद्यार्थिनी

लोकलचं जमतं हे वाचून किती बरं वाटलं. तुला माहीतच असेल, पण बाकीच्यांसाठी सांगते: प्लॅटफॉर्मवर दिव्यांगांचा डबा जिथे येतो तिथे बीप-बीप वाजणारं यंत्र बसवलेलं असतं. ज्या स्टेशनात ते बंद दिसेल त्याची तक्रार डोळस माणसांनीही करावी. तो आवाज आपल्याला कटकटीचा वाटत असेल, पण या मुलीसाठी तो पाटी आहे. आणि फरशीवरच्या लांब उठावाच्या पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे कड किंवा जिना आहे. त्या पट्ट्यांवर बाकडं, पाण्याचा कूलर, पार्सलचे गठ्ठे ठेवणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी तिथल्या तिथे सांगते. बहुतेक जण लगेच उचलतात.

आता बस. चलो ॲपमध्ये बेस्टची बस कुठवर आली ते दिसतं. फोनचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय) लावून तुला ते कितपत ऐकता येतं ते घरी बसून आधी करून बघ, स्टॉपवर नको. त्याने बस किती मिनिटांत येणार याचा अंदाज येईल, पण समोर उभी राहिली ती तीच का, हा प्रश्न उरतोच. त्यावर मला पटलेला उपाय आयआयटी दिल्लीत तयार झाला आहे. त्याचं नाव ऑनबोर्ड. अंध माणसाच्या हातात छोटा रिमोट असतो. तो दाबला की जवळच्या बसचा नंबर ऐकू येतो, आणि दुसरं बटण दाबलं की दाराजवळच्या स्पीकरचा आवाज येतो, त्या दिशेने चालत जायचं. दार शोधायला हात पसरावे लागत नाहीत. असं काही सगळ्या बसमध्ये येईपर्यंत ड्रायव्हरदादांनी दार उघडताना एकदा नंबर पुकारला तरी तुझं अर्धं काम होईल. बेस्टला पत्र लिहिशील तेव्हा एवढंच माग. तुझ्या कॉलेजातल्या आणखी मुलांच्या सह्या घे, डोळस मुलांच्याही.

सकाळी रोज एकाच वेळेची बस असेल तर कंडक्टरशी ओळख करून घे. नाव विचार, तुझं सांग. मी डोंबिवलीत ३१ वर्षं अशाच ओळखींवर काढली. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाला खूप शुभेच्छा, आणि परीक्षेला लेखनिक मिळवायला अडचण आली तर वेगळं पत्र टाक.

मी नियमित करदाता आहे. मला कुणाबद्दल आकस नाही. पण बसला रॅम्प, स्टेशनला लिफ्ट, यावर एवढा खर्च होतो आणि ते वापरताना मी वर्षभरात एकही व्हीलचेअर पाहिली नाही. थोड्या लोकांसाठी हा खर्च योग्य आहे का? — बोरिवलीहून

तुम्ही नाव-पत्ता घालून सभ्यपणे विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. ती नोंद झाली तेव्हा कायद्यात फार थोडे प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. इतकी माणसं आहेत आणि तुम्हाला वर्षभरात एकही दिसली नाही, तर ती कुठे असतील? बहुतेक घरी आहेत. वर डोंबिवलीच्या आईचं पत्र वाचलंत ना? तिच्या मुलाला नोकरी लागली तरी घरातले म्हणतात राहू दे.

रॅम्प का वापरला जात नाही तेही सांगते, कारण मी वापरून पाहिला आहे. एका शहर बससेवेची खाली जमीन असलेली बस होती. रॅम्प दारातच जमिनीत घडी घालून बसवलेला. कंडक्टर विशी-बाविशीचा मुलगा. त्याने घडीच्या खाचेत बोट घातलं. आत चिखल सुकून दगड झाला होता. त्याने पेनाचं टोक घालून पाहिलं, ते मोडलं. मग ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून मागे आले, स्क्रू ड्रायव्हरने कड खरवडली, दोघांनी मिळून पत्रा उलटला. तो आपटला तेव्हा धुळीचा लोट उठला. चार मिनिटं गेली. आतून कुणीतरी म्हणालं, “पुढची पकडा ना, मॅडम.” मी चढले. मुलगा घामाघूम झाला होता, मला म्हणाला, “मावशी, सॉरी. मी आज पहिल्यांदा उघडला.” त्याची काय चूक? त्याला कुणी शिकवलं नव्हतं. रोज सकाळी डेपोतून निघताना ब्रेक बघतात तसा रॅम्प एकदा उघडून मिटला तर तो कधी अडकणार नाही. त्याला काही पैसे लागत नाहीत.

त्यात बस फूटपाथपासून दूर थांबली की रॅम्पचाही उपयोग संपतो. खाली जमीन असलेल्या बसची जमीनही रस्त्यापासून ४० सेंटिमीटर असते. मीटरभराच्या रॅम्पला ते घसरगुंडीसारखं होतं. फूटपाथला लागून थांबली तर तीच उंची पंचवीसच्या आसपास येते. स्टॉपसमोर लावलेली एक मोटारसायकल तो सगळा खर्च वाया घालवते. तुम्हाला पैसे वाया जाण्याची काळजी आहे, तर ती मोटारसायकल हलवायला मला साथ द्या.

लिफ्टचं म्हणाल तर एखाद्या संध्याकाळी स्टेशनच्या लिफ्टसमोर दहा मिनिटं उभे राहा. गुडघा बदललेल्या आजी असतात, पोट पुढे आलेली सून असते, टाटा रुग्णालयातून केमो घेऊन निघालेला माणूस असतो, मासळीची टोपली घेतलेली मावशी असते. व्हीलचेअर आत शिरायला मला दोन फेऱ्या थांबावं लागतं. मला त्याचा आनंद होतो.

आणि कायद्याचं. २००५ साली राजीव रतुरी या अंध नागरिकाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१७ मध्ये निकाल आला, मुदती ठरल्या. तरी काम रेंगाळलं, आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे रस्ते, इमारती, गाड्या दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. एका माणसाला रस्त्यावर नीट चालता यावं यासाठी १९ वर्षं लागली. आम्ही कुणाच्या पैशाने उपकार मागत नाही. मीही ३१ वर्षं प्राप्तिकर भरला आहे.

वय ७१, संधिवात आहे. दिव्यांगांच्या डब्यात बसलो तर चालतं का? रिकामा दिसतो. — गिरगाव

काका, नाही. तो डबा दिव्यांग, कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती यांच्यासाठी आहे. रेल्वे कायद्याच्या १५५ व्या कलमाखाली ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्येष्ठांसाठी साध्या डब्यात वेगळी आसनं राखलेली आहेत, ती हक्काने मागा. संधिवाताने हालचाल फारच कमी झाली असेल तर हाजी अलीच्या भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्या. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर तुम्हाला प्रमाणपत्र मिळेल आणि मग त्या डब्यात तुम्ही आमचेच.

मला ऐकू येत नाही. ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा होते आणि सगळे पळायला लागतात, तेव्हा कळतं. — घाटकोपर

तुमची अडचण कुणाला दिसत नाही म्हणून ती सर्वात मागे राहते. घोषणा झाली की तीच इंडिकेटरवर त्याच क्षणी यायला हवी, अशी लेखी मागणी करा, तारीख, वेळ आणि गाडी घालून. मी माझ्या पत्रासोबत तुमचं पत्र जोडते. तोवर इंडिकेटर दिसेल अशाच खांबापाशी उभं राहा आणि शेजारच्याला फोनवर लिहून दाखवा, “मला ऐकू येत नाही, गाडी बदलली तर सांगा.” हा मजकूर मोठ्या अक्षरात करून ठेवलेला बरा.

गणपतीला कणकवलीला जायचंय. भावाचं दिव्यांगत्व ७० टक्के आहे. एसटीत मला, म्हणजे सोबतीला, काही सवलत आहे का? — परळ

आहे. भावाला साध्या एसटीत ७५ टक्के सवलत. त्याचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर असल्याने तुम्हाला सोबती म्हणून ५० टक्के. मूळ कार्ड जवळ ठेवा. साध्या बसच्या दारात तीन उंच पायऱ्या असतात आणि पहिली फार वर असते, म्हणून घरातलं छोटं स्टूल बरोबर घ्या. मी अजूनही घेते. गणपतीच्या गर्दीत जादा गाड्या डेपोबाहेर रस्त्यावरूनही सुटतात, तेव्हा आदल्या दिवशी जाऊन आपली गाडी नेमकी कुठून निघणार ते बघून या, आणि तिथे फूटपाथ आहे का तेही.